रूप पालटल्यावर काय उरतं?

पॉलिमॉर्फ हा शब्द माझ्या तोंडी दिवसभर असतो. प्रयोगशाळेत तो एकाच औषधाच्या वेगवेगळ्या स्फटिकरूपांसाठी येतो. संध्याकाळी मित्रमंडळींबरोबर डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायचा कल्पनाखेळ खेळायला बसलं आणि कुणा जादूगारानं समोरच्या राक्षसाचा बेडूक करून टाकला, की तेव्हाही तोच. शिवाय जीवशास्त्रवाल्यांचे पॉलिमॉर्फ वेगळे आणि प्रोग्रॅमरांचे वेगळे. चौघांना एका खोलीत बसवलं तर बराच वेळ कुणाचं बोलणं कुणाला लागू पडणार नाही. पण चौघांच्याही मागे लागलेला प्रश्न मला एकच वाटतो. रूप पालटलं की आतलं काय तसंच राहतं? आणि जे राहतं त्याच्या जोरावर आपण त्याला 'तेच' म्हणायचं का? खेळांमध्ये याचं उत्तर बहुतेक वेळा फार सोपं करून ठेवलेलं असतं. रूप म्हणजे वरचा वेष, मंत्र उतरला की आतला माणूस जसाच्या तसा. हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायला मला स्फटिकांकडूनच यावं लागेल.

गंधकापासून सुरुवात करते, कारण गंधकात हे नुसत्या डोळ्यांनी बघता येतं. गंधकाची पूड मंद आचेवर वितळवायची. 120 अंशांच्या आसपास तिचा पिवळसर, वाहता रस होतो. तो निवत ठेवायचा, वर पापुद्रा धरला की पापुद्रा फोडायचा आणि आत उरलेला रस ओतून टाकायचा. भांड्याच्या आतल्या अंगाला लांबच लांब, पारदर्शक सुया दिसतात. प्रकाशात धरल्या तर आरपार चमकतात. साधारण 95.5 अंशांच्या वर गंधकाला हे रूप मानवतं. त्याखाली त्याला दुसरं रूप हवं असतं. त्यामुळे भांडं तसंच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सुया असतात, त्याच जागी, तेवढ्याच लांब, पण आता त्या लिंबासारख्या पिवळ्या आणि अपारदर्शक झालेल्या असतात. चिमट्यानं हात लावला की भुगा होतो. प्रत्येक सुईच्या आत दुसऱ्या रूपाचे असंख्य बारीक स्फटिक तयार झालेले असतात. बाहेरची आकृती जुनी, आतली मांडणी नवी. आणि दोन्हींत रेणू एकच, आठ अणूंचं तेच कडं. फक्त ही कडी एकमेकांशेजारी बसायची पद्धत बदलली.

आयलहार्ड मिट्शरलिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं 1820 च्या दशकात गंधकाची ही दोन रूपं दाखवून दिली. तोवर समजूत अशी होती की पदार्थ एक तर त्याचा स्फटिकही एकच. घडण सारखी असून रूप वेगळं असू शकतं, हे मान्य करणं त्या काळच्या रसायनशास्त्राला सोपं गेलं नसणार. कारण मग ओळख कशावरून पटवायची? वजनं आणि प्रमाणं सांगतात एक, डोळे सांगतात दुसरं.

हिरा आणि ग्रॅफाइट हे उदाहरण सगळ्यांना पाठ असतं, म्हणून त्यावर थांबत नाही. एवढंच सांगते की आपल्या रोजच्या तापमानाला आणि दाबाला कार्बनचं खरं स्थिर रूप ग्रॅफाइट आहे. हिरा हा उतारावरच्या खळग्यात अडकून बसलेला दगड आहे. खाली जायची ओढ आहे, पण खळग्याची कड ओलांडायला लागणारी ऊर्जा त्याला मिळत नाही. असे अडकलेले पदार्थ भोवताली भरपूर आहेत. विल्हेल्म ओस्टवाल्डनं 1897 मध्ये एक निरीक्षण मांडलं, ते आम्ही स्फटिकवाले अजूनही नियमासारखं वापरतो: द्रावणातून किंवा रसातून जे रूप आधी बाहेर पडतं ते बहुधा सर्वांत स्थिर नसतं, मधल्या टप्प्यावरचं असतं. म्हणजे हातात आलेला पांढराशुभ्र, नेटका स्फटिक हा प्रवासाचा शेवट आहे की मधला थांबा, हे नुसतं बघून कळत नाही. मायक्रोस्कोपीत आयुष्य घातलेल्या वॉल्टर मॅक्रोननं 1965 मध्ये तर असं लिहून ठेवलं की प्रत्येक संयुगाची अनेक रूपं असतातच, आणि किती सापडतील ते तुम्ही त्यावर किती वेळ आणि पैसा घालता यावर ठरतं.

आता रिटोनावीर. आमच्या कामात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला ही हकीकत सांगितली जाते, आणि मी ती कितीही वेळा सांगितली तरी मला तिचा धाक वाटतो.

1996 मध्ये ॲबट कंपनीनं एचआयव्हीवरचं हे औषध बाजारात आणलं. घन स्वरूपात घेतलं तर ते शरीरात नीट शोषलं जात नसे, म्हणून कॅप्सूलमध्ये ते विरघळलेल्या स्थितीत भरलेलं असे. तोवर त्याचं एकच स्फटिकरूप माहीत होतं. विरघळलेलंच औषध भरायचं असल्यावर स्फटिकाच्या रूपाची काळजी कोण करणार? आणि मग 1998 मध्ये कॅप्सूलच्या काही लॉट विरघळण्याच्या चाचणीत नापास झाल्या. तपासलं तर आत स्फटिक धरले होते, आणि ते ओळखीचे नव्हते. दुसरं रूप होतं. रेणू तोच, अणूला अणू तसाच, पण एका जोडापाशी तो वेगळा वळलेला आणि शेजारच्या रेणूंशी जास्त घट्ट बांधलेला. या घट्टपणामुळे त्याची विद्राव्यता फारच कमी. जे द्रावण पहिल्या रूपाच्या हिशेबानं निवांत विरघळलेलं होतं, तेच दुसऱ्या रूपाच्या हिशेबानं कितीतरी पट जास्त भरलेलं निघालं. एकदा बीज पडलं की ते बाहेर येणारच होतं.

बीज हा आमच्या कामातला नेहमीचा शब्द. नव्या रूपाचा एखादा कण, डोळ्याला न दिसणारा, द्रावणात पडला तर बाकीचे रेणू त्याच्याकडे बघून रांगा धरतात. हे नवं रूप पाहून आलेली शास्त्रज्ञांची तुकडी दुसऱ्या देशातल्या कारखान्यात गेली आणि त्यानंतर तिथेही ते दिसू लागलं. पहिलं रूप करायला जावं तर दुसरंच हाती यायचं. कॅप्सूलचं उत्पादन थांबलं. ज्यांचं आयुष्य त्या औषधावर टेकलेलं होतं त्या लोकांना नकोशा चवीचं पातळ औषध घ्यावं लागलं. 1999 मध्ये फ्रिजमध्ये ठेवायच्या मऊ कॅप्सूल आल्या. बाहेर ठेवता येईल अशी गोळी यायला 2010 उजाडलं, आणि त्या गोळीत औषध स्फटिकरूपात ठेवलेलंच नाही. पॉलिमरमध्ये विस्कळीत स्थितीत धरून ठेवलंय. पुढे 2021 मध्ये कोविडवरच्या पॅक्सलोविडमध्ये हेच रिटोनावीर जोडीला आलं.

यातली मला सगळ्यात खोल लागणारी गोष्ट वेगळी आहे. रिटोनावीरच्या या संकटाआधी तीनच वर्षं, 1995 मध्ये, जॅक ड्युनिट्झ आणि जोएल बर्नस्टीन यांनी 'नाहीशा होणाऱ्या पॉलिमॉर्फ'वर लेख लिहिला होता. त्यात अशा स्फटिकांच्या गोष्टी गोळा केल्या होत्या, जे आधी सहज मिळत आणि नंतर, अधिक स्थिर रूप एकदा प्रकट झाल्यावर, त्याच हातांना, त्याच कृतीनं पुन्हा मिळेनात. परतीची वाट अगदीच नाहीशी होते असं नाही. खूप खबरदारी घेतली, सगळं निर्मळ ठेवलं तर जुनं रूप पुन्हा करता येतं. पण 'मंत्र उतरला की पूर्ववत' इतकं सोपं तिथे काही नाही.

जीवशास्त्रात हा शब्द येतो तेव्हा आधी एक गैरसमज बाजूला करावा लागतो. तिथे कुणी बदलत नाही. एकाच जातीत, एकाच वेळी, एकाच ठिकाणी अनेक रूपं नांदतात, त्याला बहुरूपता म्हणतात. कॉमन मॉर्मन फुलपाखराचे नर सगळे एका तऱ्हेचे. माद्या मात्र अनेक तऱ्हांच्या: काही नरासारख्या दिसणाऱ्या, काही कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारख्या, काही क्रिमझन रोझसारख्या. आल्फ्रेड रसेल वॉलेसनं 1865 मध्ये हे मांडलं, तेव्हा एकाच मादीची पिल्लं इतकी निरनिराळी निघतात हे वाचणाऱ्यांना चकित करणारं होतं. पक्षी विषारी फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत, म्हणून त्याची नक्कल करणारी मादी वाचते. मग सगळ्याच माद्या नक्कल का करत नाहीत? कारण नकला फार झाल्या की पक्ष्यांना कळतं, या रंगाचं खाल्लं तरी चालतं. नक्कल तिच्या विरळपणावर जगते. 2014 मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा सगळा पंखांचा खेळ डबलसेक्स या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालतो. कीटकांमध्ये नर-मादी घडवण्याचं काम करणारं हे जनुक इथे जास्तीचं एक काम करू लागलं आहे.

पण रूपपालटाच्या मंत्राच्या सर्वांत जवळ जाणारा प्राणी म्हणजे टोळ. शास्त्रीय काटेकोरपणे याला बहुरूपता म्हणत नाहीत, वेगळं नाव आहे, कारण इथे जनुकं तीच राहून परिस्थितीमुळे रूप पालटतं. तरी मला तो इथे हवाच आहे. एकलकोंडा टोळ हिरवट-तपकिरी, दबकून राहणारा, दुसरा टोळ दिसला की दूर सरकणारा. झुंडीतला टोळ गडद, भडक, दुसऱ्यांकडे ओढला जाणारा. दोन्ही इतके वेगळे की लोकांनी त्यांना दोन जाती मानून दोन नावं दिली होती. बोरिस उवारोव्हनं 1921 मध्ये मांडलं की त्या एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत. पुढच्या संशोधनात जे निघालं ते विलक्षण आहे. वाळवंटी टोळाच्या मागच्या पायांना वारंवार स्पर्श होत राहिला, जसा तो गर्दीत होतो, तर काही तासांत त्याचं वागणं बदलतं. 2009 मध्ये कळलं की यामागे चेतासंस्थेत वाढणारं सेरोटोनिन हे रसायन असतं. रंग आणि बांधा बदलायला मात्र पुढच्या काती टाकाव्या लागतात. म्हणजे मन आधी पालटतं आणि देह सावकाश मागून येतो. कुठल्याही खेळाच्या नियमावलीत मी हा क्रम पाहिलेला नाही, आणि तो कुणीतरी आणावा असं मला फार वाटतं.

प्रोग्रॅमिंगबद्दल थोडक्यात. संगणकशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी 1967 च्या आपल्या व्याख्यानांच्या टिपणांत प्रोग्रॅममधल्या बहुरूपतेचे दोन प्रकार वेगळे केले. एकात नाव तेच, काम वेगळं: अधिकचं चिन्ह पूर्णांकांसाठी एक कृती करतं आणि दशांशांसाठी दुसरी. दुसऱ्यात काम तेच, माल कोणताही: यादीची लांबी मोजणाऱ्या फंक्शनला यादीत आकडे आहेत की नावं याच्याशी देणंघेणं नसतं. हा दुसरा प्रकार स्फटिकांच्या बरोब्बर उलटा आहे. स्फटिकांत द्रव्य एक आणि रचना अनेक. इथे रचना एक आणि द्रव्य काहीही. 1990 च्या सुमारास आलेल्या '1260' या व्हायरसनं तिसरीच तऱ्हा दाखवली. दर नव्या प्रतीत तो स्वतःला निराळ्या रीतीनं कुलूपबंद करायचा आणि कुलूप उघडणारा कोडही बदलायचा, त्यामुळे ठरावीक खुणेवरून ओळखणारे स्कॅनर चुकायचे. अशा व्हायरसांवर शोधलेला उपाय मला फार समजूतदार वाटतो. त्यांना बंदिस्त आभासी यंत्रात चालू द्यायचं आणि काय करतात ते बघायचं. रूपावरून ओळख पटत नसेल तर वागण्यावरून पटवायची.

हे सगळं डोक्यात घेऊन मी खेळाच्या टेबलावर बसते, तेव्हा मंत्राच्या वर्णनातली एकेक ओळ वेगळी दिसते.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 1974 च्या मूळ डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये रूपपालटाचे दोन मंत्र होते, एक स्वतःसाठी, एक इतरांसाठी. दुसऱ्याला ड्रॅगन केलं तर त्याला ड्रॅगनच्या सगळ्या क्षमता मिळतील, मन मात्र ड्रॅगनचं होईलच असं नाही, असं तिथे म्हटलं होतं. आणि ट्रोल या दांडग्या राक्षसाची गोगलगाय केली तर ती साध्या माणसाच्या पायाखाली सहजी चिरडायची नाही, ट्रोलचा काही चिवटपणा तिच्यात उरेल. ही गोगलगाय मला अतिशय आवडते. काहीतरी उरतं, पण नेमकं काय ते सांगता येत नाही, हे त्या एका वाक्यात आलं आहे.

1978 च्या ॲडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या खेळाडू-पुस्तकात हाच मंत्र गंभीर झाला. आधी देहाला बसणाऱ्या धक्क्यातून जगायचं. शारीरिक चिवटपणा मध्यम, म्हणजे 10 असेल, तर जगण्याची शक्यता 70 टक्के. त्यातून वाचलात तर मनाचा प्रश्न. मूळ व्यक्तिमत्त्व जाऊन नव्या प्राण्याचं मन येण्याची शक्यता 100 टक्क्यांपासून मोजायला लागायची आणि बुद्धीच्या प्रत्येक गुणामागे 5 टक्के वजा करायचे. दोन प्राण्यांच्या ताकदीतल्या फरकानं हा आकडा थोडा वरखाली व्हायचा. तो सोडून दिला तर 16 बुद्धीच्या माणसासाठी उरतात 20 टक्के. ऐकायला कमी वाटतं. पण हा फासा रोज टाकायचा, मन जाईपर्यंत. रोज 80 टक्के टिकायचं म्हटलं तर दहाव्या दिवसाअखेर टिकून असण्याची शक्यता जेमतेम 11 टक्के राहते. म्हणजे मित्र लांडगा झाला आहे, त्याला सोडवायचं आहे आणि दिवस जात आहेत. तो पहिल्या दिवशी तुम्हाला ओळखतो. दहाव्या दिवशी तुमच्यावर गुरगुरतो, आणि ते नाटक नसतं.

2014 च्या पाचव्या आवृत्तीत हे सगळं निघून गेलं. मंत्र तासभर, जादूगाराचं लक्ष विचलित झालं की संपला. प्राण्याची बुद्धी येते, बोलता येत नाही, पण व्यक्तिमत्त्व तुमचंच राहतं. प्राण्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसण्याचे गुण, संपले की तुम्ही मूळ रूपात परत, आणि उरलेला मार तेवढा तुमच्या खात्यावर. परिणामी सातव्या लेव्हलला जखमी मित्राचा प्रचंड वानर करायचा आणि त्याचे 157 हिट पॉइंट ढालीसारखे वापरायचे, ही सर्वांची आवडती युक्ती झाली. खेळ वेगवान होतो, टेबलावर आरडाओरडा होतो, मलाही तो आवडतो. पण वानर होणं म्हणजे जाड चिलखत घालणं, एवढंच त्यात उरतं. वॉरक्राफ्ट या संगणकावरच्या खेळांत तर हा प्रवास आणखी स्पष्ट दिसतो. 1995 च्या दुसऱ्या भागात जादूगारानं शत्रूचा मेंढा केला की तो कायमचा मेंढा. 2004 च्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मेंढा म्हणजे शत्रूला थोडा वेळ बाजूला ठेवण्याची सोय. धक्का लागला की मंत्र तुटतो, आणि मेंढा असेपर्यंत त्याच्या जखमाही भराभर भरून येतात.

नेटहॅकनं मात्र जुनी शिस्त सोडली नाही. 1987 पासून चालत आलेला हा अक्षरांनी रेखाटलेला संगणकावरचा खेळ रूपपालटाची पुरेपूर किंमत वसूल करतो. ताबा नसताना रूप पालटलं तर देह हादरून जखम होते. मोठ्या प्राण्याचं रूप आलं तर अंगावरचं चिलखत फुटून जातं, मग ते कितीही कष्टानं मिळवलेलं असो. कधी नवं रूप जगण्याइतकं धडधाकटच नसतं आणि खेळ तिथेच संपतो. वस्तूंवर कांडी फिरवून त्यांचं रूप पालटायलाही तिथे मुभा आहे. नको असलेल्या वस्तूंचा ढीग घालायचा, कांडी मारायची आणि हव्या त्या वस्तू निघतात का बघायचं. पण ढीग मोठा असेल तर काही वस्तू थरथरून नाहीशा होतात, आणि कधीकधी त्या ढिगातून एक गोलेम, म्हणजे निर्जीव द्रव्याचा चालता पुतळा, उभा राहून अंगावर येतो. आपण रूप मागावं आणि द्रव्यानं भलतंच काही ठरवावं, हे मी प्रयोगशाळेत इतक्यांदा पाहिलं आहे की तो गोलेम मला खेळातला सर्वांत वास्तव प्राणी वाटतो.

आमच्या टेबलावर मी डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारी, असते तेव्हा जुना फासा परत आणला आहे. तासाभराच्या मंत्राला तो लागत नाही, पण जो रात्रभर दुसऱ्या रूपात राहील त्यानं सकाळी मनासाठी फासा टाकायचा. गटातली एक जादूगारीण सध्या मुद्दामच घुबड होऊन राहिली आहे, शत्रूच्या किल्ल्याच्या तुळईवर, ऐकत. फासा कुणाच्या बुद्धीवर टाकायचा यावरून आमचा मोठा वाद झाला. पुस्तकाप्रमाणे मूळ माणसाच्या. तिचं पात्र खेळणारी मुलगी स्वतःच म्हणाली की हे बरोबर नाही. पहिल्या सकाळी तिची बुद्धी 17 धरावी, पण चौथ्या सकाळी जो विचार करतोय तो अर्धा घुबडच आहे, तर प्रत्येक रात्रीमागे गुण कमी करत जायला हवेत. तिच्या पात्राचं यात सरळ नुकसान आहे हे तिला माहीत होतं. दोघांनी विरोध केला, एकानं टोळांचं काय ते पुन्हा समजावून घेतलं, आणि शेवटी रात्रीला 2 गुण कमी करायचे असं ठरलं. पुढच्या बैठकीत तिची तिसरी सकाळ आहे, म्हणजे 13 वर फासा.